एकच दगड, पन्नास घुबडं : किंगाइटची छापचित्रं कशी बनतात

कॅनडाच्या टपाल खात्याने १९७० साली ६ सेंटचं एक तिकीट काढलं. वायव्य प्रदेशांच्या शताब्दीचं ते तिकीट. त्यावर समोर रोखून बघणारं एक घुबड आहे. त्याच्या डोक्यातून आणि शेपटीतून लांबच लांब पिसं फुटलेली, जणू घुबडाभोवती सूर्य उगवलाय. ‘द एन्चँटेड आउल’, म्हणजे मंतरलेलं घुबड, हे ते चित्र. केनोजुआक अशेवाक (१९२७–२०१३) या इनुइट बाईंचं, १९६० सालचं. इनुइट म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी, पूर्वी ज्यांना एस्किमो म्हणत. त्याच्या पन्नास प्रती निघाल्या. पंचवीस काळ्या-लाल, पंचवीस काळ्या-हिरव्या. त्यातलीच एक २०१८ साली लिलावात २,१६,००० कॅनेडियन डॉलरला गेली.

पन्नास प्रती असलेल्या चित्राला इतकी किंमत का, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्याकडे ‘प्रिंट’ म्हटलं की राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आठवतात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात आधी तैलचित्र असायचं आणि छपाई त्याची प्रतिकृती घरोघर पोचवायची. मूळ एकच, बाकी सगळ्या नकला. मंतरलेल्या घुबडाचं तसं नाही. त्याच्यामागे पेन्सिलचं एक रेखाटन आहे, पण रंग, कडा, सपाट काळ्या क्षेत्रांचं वजन यांतलं बरंचसं रेखाटनात नसतं. ते दगडावर ठरतं. म्हणून त्या पन्नासांतली प्रत्येक प्रत मूळ चित्र आहे, आणि एक्कावन्नावी निघू नये याची व्यवस्थाही केलेली असते.

हे जिथे बनतं ते किंगाइट हे गाव कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटाच्या नैऋत्य टोकाला लागून असलेल्या डॉर्सेट बेटावर आहे. वस्ती सुमारे चौदाशे. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. विमानाने जायचं, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने. नकाशात अनेक दशकं त्याचं नाव केप डॉर्सेट होतं, २०२० मध्ये मूळ इनुइट नाव अधिकृत झालं. जुन्या चित्रांवर ‘डॉर्सेट’ असंच लिहिलेलं दिसेल, ते हेच गाव.

इथे झाडं उगवत नाहीत. छापचित्रासाठी जगभर सर्वांत आधी लाकूड कोरलं जातं, ते इथे मिळणं कठीण. दगड मात्र भरपूर, आणि तो कोरणारे हात तयार. यातूनच किंगाइटची सगळी शैली निघाली असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सुरुवातीची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती १९५७ च्या हिवाळ्यातली. जेम्स ह्यूस्टन हे कॅनेडियन चित्रकार तेव्हा तिथे सरकारी प्रशासक होते. ऑसुइटॉक इपीली हे नावाजलेले शिल्पकार त्यांच्याकडे बसले होते. समोर सिगारेटची दोन पाकिटं, दोन्हींवर खलाशाचं तेच तोंड. प्रत्येक पाकिटावर तेच तोंड पुन्हा पुन्हा रंगवत बसायचं म्हणजे किती कंटाळवाणं काम, असं ऑसुइटॉक म्हणाले. छपाई म्हणजे काय हे सांगायला ह्यूस्टननी ऑसुइटॉकनीच कोरलेला वॉलरसचा सुळा घेतला, त्याला शाई लावली, वर पातळ टिश्यू कागद दाबला आणि उचलून दाखवला. हे आपल्याला जमेल, असं ऑसुइटॉकचं उत्तर होतं. गोष्ट ह्यूस्टननीच पुढे अनेकदा सांगितली, तेव्हा तिच्यावर थोडी झिलई चढली असणार हे धरूनच ती वाचावी. शिवाय ती एका गोष्टीवर पडदा टाकते. गावात चित्रभाषा आधीपासून होती. पुरुष सुळ्यांवर कोरत होते. बायका कातडी कापून गडद-फिकट आकार एकमेकांत बसवत कपड्यांवर आणि पिशव्यांवर नक्षी शिवत होत्या. केनोजुआकचं पहिलं छापचित्र, समुद्री शेवाळ खाणारा ससा, हे तिच्या सीलच्या कातडीच्या पिशवीवरच्या नक्षीतूनच आलं. सपाट आकार, स्वच्छ कडा आणि मोकळी जागा कशी वापरायची हे कातडी कापणाऱ्या हाताला शिकवावं लागत नाही.

१९५८ च्या अखेरीस ह्यूस्टन जपानला गेले आणि सुमारे तीन महिने उन-इची हिरात्सुका या काष्ठठशांच्या उस्तादाकडे शिकले. परतताना जपानी कागद, अवजारं आणि कामाची एक पद्धत घेऊन आले. जुन्या जपानी उकियो-ए परंपरेत चित्र काढणारा एक, ठसा कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. किंगाइटने हीच विभागणी उचलली. गंमत अशी की स्वतः हिरात्सुका ज्या पंथाचे होते त्याचा आग्रह बरोबर उलटा होता. काढणारा, कोरणारा, छापणारा हात एकच हवा, असं तो पंथ मानायचा. किंगाइटने गुरूचं तंत्र घेतलं आणि गुरूचा सिद्धांत सोडला. मला हे शहाणपणाचं वाटतं. तंबूत राहून, मुलं सांभाळून, कागद-पेन्सिल घेऊन चित्र काढणं अनेकांना शक्य होतं. पण दगड कोरायला कार्यशाळा लागते आणि रोजची हजेरी लागते. विभागणी केली म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायकाही चित्रकार होऊ शकल्या.

१९५९ मध्ये पहिला वार्षिक संच सूचीसह बाहेर पडला. त्याच सुमारास गावाची सहकारी संस्था उभी राहिली, वेस्ट बॅफिन एस्किमो को-ऑपरेटिव्ह. तेव्हापासून दर वर्षी संच निघतोच आहे.

आता प्रत्यक्ष काम.

चित्रकार रेखाटन संस्थेत आणून देतो. संस्था ते तिथल्या तिथे पैसे देऊन विकत घेते, मग त्याचं छापचित्र होवो न होवो. वर्षभरात जमलेल्या ढिगातून अगदी थोडी चित्रं निवडली जातात. अलीकडच्या दशकांत संचात साधारण तीस-चाळीस. निवडताना विषयाइतकंच तंत्रही पाहिलं जातं, म्हणजे हे दगडात उतरेल का. बारीक जाळीदार छटा, पेन्सिलचा हलका धूसरपणा हे दगडाला झेपत नाही. ठळक बाह्यरेषा आणि भरीव आकार झेपतात.

ठशासाठी मऊ, सपाट कापता येईल असा दगड घेतात. वरची बाजू पाण्याने घासून अगदी समतल करावी लागते. इथे आळस केला तर पुढे सुटका नाही. पृष्ठभागात कुठे खोलगट राहिलं की तिथे रोलर टेकत नाही आणि प्रत्येक प्रतीत त्याच जागी फिकट डाग येतो. मग दगडाला पांढरा रंग फासतात, म्हणजे गडद दगडावर रेषा दिसतील. रेखाटन पारदर्शक कागदावर गिरवून, कागद उलटा करून दगडावर उतरवतात. छापताना डावं-उजवं बदलतं, म्हणून दगडावरची आकृती आधीच उलटी असायला हवी. ती काळ्या शाईने भरून घेतली की कोरणाऱ्याचा हिशेब सोपा होतो : काळं राहील, पांढरं जाईल.

कोरण्याची दिशा बाहेरच्या बाजूला उतरती ठेवायची असते. छपाईची कडा वर, आणि तिथून भिंत बाहेर पसरत खाली गेलेली. भिंत आतल्या बाजूला वळली, म्हणजे कडेच्या खाली पोकळी झाली, तर कागद घासताना पडणाऱ्या दाबाने ती कड तुटते. तुटलेली कड पुन्हा चिकटवता येत नाही. मग एक तर आकृती थोडी बदलून घ्यायची किंवा सगळं घासून पहिल्यापासून सुरुवात. खोली किती, हे मोकळ्या जागेच्या रुंदीवर ठरतं. दोन रेषांमधली चिंचोळी फट थोडी कोरली तरी चालते. पण मोठी पांढरी जागा जास्त खोल जावी लागते, कारण तिथे कागद मधोमध झोळ खातो आणि खाली चुकून लागलेली शाई टिपतो.

लाकडाला रेषा असतात. रेषेच्या आडवं कोरायला गेलं की ढलपी निघते. दगडाला तसा धागा नाही, म्हणून छिन्नी कुठल्याही दिशेने वळवता येते आणि लांब, सलग वक्र रेषा सुंदर निघतात. पण दगड ठिसूळ. बारीक, सुटी उभी राहिलेली रेषा तो धरून ठेवत नाही. घुबडाची ती पिसं आठवा : मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती, आणि प्रत्येक पीस मोठ्या आकाराला घट्ट जोडलेलं. एकही रेषा हवेत लटकत नाही. केनोजुआकची कल्पना आणि दगडाची अट एकाच वळणावर भेटतात, आणि ‘इनुइट शैली’ म्हणून जगाने जे ओळखलं त्यातला मोठा वाटा या अटीचा आहे.

शाई लावणं हे सर्वांत वेळखाऊ. बहुतेक रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो. किंगाइटच्या दगडी ठशात सहसा एकाच दगडावर वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या रंगांची शाई लहान रोलरने लावतात आणि एकाच दाबात सगळे रंग कागदावर घेतात. शेजारच्या भागावर रंग सांडू नये म्हणून कापलेला कागद झाकण म्हणून धरायचा. घुबडाच्या अर्ध्या प्रती लाल आणि अर्ध्या हिरव्या होऊ शकल्या त्या यामुळेच. दगड तोच, फक्त रोलर बदलला. याची किंमत अशी की हा सगळा खटाटोप प्रत्येक प्रतीला नव्याने करावा लागतो. पन्नास प्रती म्हणजे पन्नास वेळा शाई.

शाई तेलाची असते आणि तिचा थर हा खरा कसबाचा भाग. जास्त झाली तर ती कडांवरून खाली उतरते, बारीक फटी बुजतात, डोळ्याभोवतीचं पांढरं वलय प्रत्येक प्रतीत थोडं थोडं आवळत जातं. कमी झाली तर भरीव काळ्यात पांढरे कण राहतात, मीठ शिंपडल्यासारखे. गारठ्यात शाई घट्ट होते आणि रोलरवर सारखी पसरत नाही, तेव्हा खोली आणि शाई दोन्ही उबदार ठेवावी लागतात. धुळीचा कण किंवा ब्रशचा केस शाईत अडकला की त्याच्याभोवती पांढरं कडं उमटतं, प्रत बाद.

मग कागद. जपानी हातकागद, बहुधा तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा. तो दिसायला पातळ, पण धागे लांब असल्यामुळे घासताना फाटत नाही आणि शाई लवकर ओढून घेतो. साधा जाड कागद इथे उपयोगाचा नाही, कारण हे चित्र यंत्राच्या दाबाने छापत नाहीत. जड, असमान जाडीचा दगड यंत्रात तडकू शकतो. कागद दगडावर हलकेच ठेवून वरून हाताने, बोटांनी किंवा गोल चपट्या घासणीने घासतात. कागद इतका पातळ असतो की शाई कुठे लागली आणि कुठे नाही हे मागून दिसतं. शंका आली तर एक कोपरा उचलून बघता येतं. कागदाची दुसरी बाजू जागेवरून हलता कामा नये. हलली की कडा दुहेरी उमटतात आणि ती चूक सुधारायला काहीच उपाय नाही. घासणं सगळीकडे सारखं हवं. हाताला थकवा आला की शेवटच्या कोपऱ्यातला काळा रंग आधीच्यापेक्षा फिका पडतो, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर तो फरक लगेच कळतो.

ओल्या प्रती वाळायला टांगून ठेवतात. संपूर्ण आवृत्ती झाली, बाद प्रती काढून टाकल्या, की दगडावरची आकृती घासून नाहीशी करतात. दगड पुन्हा वापरता येतो, चित्र पुन्हा छापता येत नाही.

याच्या जोडीला पहिल्यापासून स्टेन्सिल होतं. सुरुवातीला सीलची कातडी कापून त्यातून रंग मारत. कातडी ओली झाली की वाकडी होते, म्हणून लवकरच मेण चढवलेला जाड कागद आला. आखूड, ताठ केसांचा ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून उभा आपटायचा. ब्रश आडवा ओढला तर रंग कडेखाली शिरतो. कडेपाशी गडद आणि आत विरत जाणारी छटा हे स्टेन्सिलचं बळ. दगडी ठशात ती मिळत नाही. ‘स्टोनकट आणि स्टेन्सिल’ असं लिहिलेलं चित्र दिसलं तर ठळक आकार दगडाचे आणि मऊ रंग स्टेन्सिलचे असं समजायचं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याच्या पत्र्यावर कोरणं आलं. त्याची रेषा सुळ्यावरच्या कोरीव रेषेच्या जवळची, बारीक, थेट चित्रकाराच्या हातची. १९७० च्या दशकात लिथोग्राफी आली. आपल्याकडची जुनी शिळाछाप ती हीच. दगडी ठशाशी तिचा गोंधळ करू नये. लिथोग्राफीत दगड कोरतच नाहीत. चुनखडीच्या सपाट दगडावर चिकट, तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलाची शाई फक्त खडूच्या जागी धरते आणि ओल्या जागी धरत नाही. इथे यंत्राचा दाब लागतो. पेन्सिलचा खरखरीतपणा, शाईच्या पातळ धुवणीचे ओघळ असं सगळं उतरतं. कनांगिनाक पूटूगूक (१९३५–२०१०) यांच्या पक्ष्यांची एकेक पिसाची बारकाई पाहिली की लिथोग्राफीने काय उघडून दिलं ते कळतं. हे तेच कनांगिनाक जे इयोला किंग्वात्सिआक, एग्युड्लुक पूटूगूक आणि लुक्टा किआत्सुक यांच्यासोबत पहिल्या छपाई करणाऱ्यांत होते. २०१७ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी, त्यांची चित्रं इटलीतल्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलामेळ्याच्या मुख्य प्रदर्शनात लागली.

चित्रकार कोण, हा प्रश्न आता विचारायला हरकत नाही. सूचीत नाव केनोजुआकचं आधी येतं आणि ते योग्यच आहे. पण कुठला रंग कुठे, कड किती धारदार, काळा किती दाट हे बरेचदा कोरणाऱ्या-छापणाऱ्याने ठरवलेलं असतं. जुन्या चित्रांवर काढणारा आणि छापणारा अशा दोघांच्या मुद्रा आढळतात. संग्रहालयांच्या पाट्यांवरून मात्र दुसरं नाव बहुधा गळतं. ते तिथे असायला हवं.

निवडीचाही एक इतिहास आहे, आणि तो तितकासा गोड नाही. १९६१ ते १९८९ या काळात कॅनेडियन एस्किमो आर्ट्स कौन्सिल नावाची समिती उत्तरेतून आलेली छापचित्रं बघून मान्यता द्यायची. समितीवर बराच काळ कॅनडाच्या दक्षिणेकडचे कलातज्ज्ञच. शिवाय गिऱ्हाईकही दक्षिणेतलं. त्याला घुबडं, अस्वलं, इग्लू, शिकारी हवे होते. फ्रिज, दूरदर्शन संच आणि दारू नको होती. दगडाची अट आणि बाजाराची अट एकत्र आल्यावर काय काय वगळलं गेलं, ते छापचित्रांत नाही, रेखाटनांच्या ढिगात दिसतं. संस्थेने विकत घेतलेली सुमारे एक लाख रेखाटनं आज ओंटारिओत क्लाइनबर्गच्या मॅकमायकेल संग्रहालयात दीर्घ मुदतीसाठी ठेवलेली आहेत.

एकाच घरातल्या तीन पिढ्या पाहिल्या तर बदल लख्ख दिसतो. पिटसिओलाक अशूना (सुमारे १९०४–१९८३) नवरा गेल्यावर मुलं वाढवण्यासाठी चित्रं काढू लागल्या. हजारो रेखाटनं, बहुतेक जुन्या भटक्या जीवनाची, तंबू, उन्हाळे, स्थलांतरं. त्यांची मुलगी नपाची पूटूगूक यांनी तेच जुने दिवस काढले, पण शेवटच्या वर्षांत त्यातली उपासमार आणि बायकांवरची जबरदस्तीही काढली. नात अॅनी पूटूगूक (१९६९–२०१६) हिने रंगीत पेन्सिल आणि बारीक पेन घेऊन आपलं स्वयंपाकघर काढलं. भिंतीवर घड्याळ, जमिनीवर बसून कच्चं मांस खाणारं कुटुंब, समोर दूरदर्शनवर अमेरिकन कार्यक्रम, आणि एका चित्रात आपल्या जोडीदार बाईला मारणारा माणूस. यांत कोरता येईल अशी ठळक रेषा फारशी नाही आणि भिंतीवर शोभेचं म्हणून लावावं असं गिऱ्हाईकाला वाटेल असंही काही नाही. २००६ मध्ये तिला सोबी आर्ट अवॉर्ड हा कॅनडातला कलापुरस्कार मिळाला आणि २००७ मध्ये तिची रेखाटनं जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात गेली. रेखाटन हा छापचित्राचा कच्चा माल आहे, ही समजूत तिथून ढिली झाली. तिची मामेबहीण शुविनाई अशूना आज भिंतभर कागदांवर माणसं, राक्षस आणि पृथ्वीगोल एकत्र नांदवते. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत तिचा विशेष उल्लेख झाला. केनोजुआकला मात्र मान्यता आधीच भरभरून मिळाली होती. १९६७ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा हा नागरी सन्मान, आणि २०१७ च्या विशेष १० डॉलरच्या नोटेवरच्या चमकत्या पट्टीत तिचं ‘आउल्स बुके’ हे चित्र.

एखादं किंगाइटचं छापचित्र समोर आलं तर आधी खालच्या कडेची पेन्सिलची ओळ वाचावी. तिथे नाव, तंत्र, क्रमांक, गाव, वर्ष आणि चित्रकाराचं नाव असतं. २३/५० म्हणजे पन्नासांतली तेविसावी. पहिल्या क्रमांकाला जास्त भाव देण्यात अर्थ नाही, कारण पन्नास प्रतींत दगड झिजत नाही आणि छापण्याचा क्रम व क्रमांक टाकण्याचा क्रम एकच असेल असंही नाही. जवळच इनुक्टिटुट या इनुइट भाषेच्या लिपीतली लहान मुद्रा आणि संस्थेचं इग्लूचं चिन्ह शोधावं. १९६१ ते १९८९ मधल्या चित्रावर समितीचा शाईविना दाबलेला उठावदार शिक्काही असतो. तो समोरून दिसत नाही, तिरका प्रकाश टाकावा लागतो.

खरी छपाई आणि पोस्टर यांतला फरक दहापट भिंगाने मिनिटात कळतो. पोस्टरमध्ये रंग म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं. संगणकी छपाईत बारीक शिंतोडे. दगडी ठशात सलग शाई आणि कडेला तिचा किंचित उंच थर. चौकटीबाहेर काढता आलं तर कागदाची मागची बाजू पाहावी. पातळ कागदातून आकृती पुसट उतरलेली आणि घासल्याच्या खुणा दिसल्या तर उत्तम. पोस्टर विकत घेण्यात गैर काही नाही, फक्त ते पोस्टरच्या भावात घ्यावं. शिल्पांच्या बाबतीत राळेत ओतलेल्या नकलांचा सुळसुळाट जुना आहे. त्यासाठीच १९५८ पासून अस्सल इनुइट हस्तकामाला ‘इग्लू टॅग’ लावतात, आणि २०१७ पासून त्याची जबाबदारी इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आहे.

घरी लावलं तर सर्वांत मोठा शत्रू ऊन. रंग उडतात आणि गेलेला रंग परत येत नाही, तेव्हा खिडकीसमोरची भिंत नको. काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावं, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. मागे चिकटपट्टी कधीच लावू नये, तिचा गोंद काही वर्षांत कागदात पिवळा झिरपतो. कागद वरून दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागरीने आणि पिठाच्या खळीने टांगतात, चारी बाजूंनी डकवत नाहीत, कारण हवेतल्या ओलाव्याबरोबर कागद फुगतो-आक्रसतो आणि अडकवून ठेवला तर सुरकुततो.

टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना क्लाइनबर्ग गाडीने जवळ आहे. विनिपेगमध्ये २०२१ साली उघडलेलं काउमाजुक हे फक्त इनुइट कलेसाठीचं केंद्र आहे. तिथे काचेच्या तीन मजली कपाटात हजारो शिल्पं एकत्र दिसतात. ऑटावाच्या नॅशनल गॅलरीतही किंगाइटची छापचित्रं आहेत, पण कागदावरची कामं उजेडापासून जपण्यासाठी आलटून पालटून लावतात, म्हणून विशिष्ट चित्र बघायचं असेल तर आधी विचारून जावं. खुद्द किंगाइटमध्ये २०१८ पासून केनोजुआकच्याच नावाचं सांस्कृतिक केंद्र आणि छपाईची कार्यशाळा आहे. वर्षाचा नवा संच शरद ऋतूत, बहुधा ऑक्टोबरमध्ये, कॅनडाभरच्या ठरलेल्या गॅलऱ्यांतून एकदम विक्रीला येतो.